पंप कोणाचा, व्हॉल्व्ह कोणाचा? प्लांटमधल्या यंत्रांची उतरंड आणि ऑपरेटरची जबाबदारी

प्लांटमध्ये नव्याने आलेल्या इंजिनिअरच्या हातात पहिल्या काही महिन्यांतच एक फाईल येते. एक्सेलमध्ये हजार-दीड हजार ओळी असतात. पंप, मोटर, टँक, हीट एक्स्चेंजर, ट्रान्समीटर, व्हॉल्व्ह, सगळं एकाखाली एक. सोबत निरोप असतो, "याची हायरार्की, म्हणजे उतरंड, लावा आणि कुठलं इक्विपमेंट कुठल्या ऑपरेटरकडे, ते भरून टाका." काम डेटा एंट्रीचं वाटतं आणि बऱ्याचदा तसंच उरकलं जातं. पण पुढची कित्येक वर्षं मेंटेनन्सचं नियोजन, स्पेअरची खरेदी, वर्क परमिट, शिफ्टचा चार्ज हे सगळं याच फाईलवर उभं राहणार असतं. म्हणून हे काम कसं करायचं ते जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक अनुभव सांगतो. मी जिथे होतो तिथे टँक फार्ममधून रिअॅक्शन सेक्शनकडे येणाऱ्या लाईनवर, पंपाच्या सक्शनला, म्हणजे द्रव आत घेणाऱ्या बाजूला, एक स्ट्रेनर (गाळणी) होता. टँक टँक फार्मवाल्यांचा, पंप रिअॅक्शनवाल्यांचा. एक दिवस पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज यायला लागला आणि डिस्चार्जच्या (बाहेर सोडणाऱ्या बाजूच्या) प्रेशर गेजचा काटा थरथरायला लागला. मेकॅनिकल सील गेलं, बदललं. दोन आठवड्यांत परत गेलं. तिसऱ्या खेपेला फिटरने स्ट्रेनर उघडला, तर आतली जाळी गाळाने लिंपलेली आणि मधोमध चेपून आत गेलेली. दोन्ही सेक्शनची लॉगबुकं चाळली. स्ट्रेनर उघडल्याची एकही नोंद नव्हती. टँक फार्मचा ऑपरेटर म्हणाला, "तो पंपाचा आहे, त्यांनी बघायचा." रिअॅक्शनचा म्हणाला, "लाईन त्यांची, स्ट्रेनर त्यांचा." दोघंही प्रामाणिक होते. यादीत तो स्ट्रेनर होता, फक्त त्याच्या वरच्या पातळीचा रकाना रिकामा होता.

या सगळ्या कामाचा गाभा त्या रिकाम्या रकान्यात आहे. प्लांटमधल्या प्रत्येक वस्तूला वर एकच घर हवं आणि कुठल्याही क्षणी एकच धनी हवा.

पहिली पायरी: खुर्चीवरून उठा

यादी बनवण्याआधी पीअँडआयडीचे, म्हणजे पाईप, यंत्रं आणि इन्स्ट्रुमेंटं दाखवणाऱ्या नकाशाचे, ताजे ड्रॉइंग प्रिंट करून घ्या आणि एका अनुभवी फील्ड ऑपरेटरबरोबर प्लांट चालून काढा. ड्रॉइंगवरची प्रत्येक वस्तू जागेवर दिसली की तिच्यावर हिरवी खूण करा. जागेवर आहे पण ड्रॉइंगवर नाही, अशी वस्तू लाल पेनाने काढून ठेवा. ड्रॉइंगवर आहे पण जागेवर फक्त ब्लाइंड फ्लँज (पाईपचं तोंड बंद करणारी चकती) दिसतोय, तर तेही लिहा. नेमप्लेटचा फोटो काढा. गंजलेली किंवा रंग मारून बुजवलेली नेमप्लेट असेल तर सिरीयल नंबर केसिंगवर कोरलेला सापडतो का ते बघा.

या चालण्याला दोन-तीन आठवडे लागले तरी ते द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. ऑफिसात बसून जुन्या यादीवरून नवी यादी केली की जुन्या चुकाच नव्या कपड्यात परत येतात.

पातळ्या किती ठेवायच्या

इथे नव्याने काही शोधण्याची गरज नाही. आयएसए-९५ या मानकात उतरंड वरून अशी येते: कंपनी, साइट, एरिया, वर्क सेंटर, वर्क युनिट. बॅच पद्धतीच्या प्लांटसाठी आयएसए-८८ आहे. त्यात एरियाखाली प्रोसेस सेल, मग युनिट, मग इक्विपमेंट मॉड्यूल आणि शेवटी कंट्रोल मॉड्यूल. तेल, वायू आणि पेट्रोकेमिकल उद्योगासाठी असलेल्या आयएसओ १४२२४ मध्ये एकूण ९ पातळ्या आहेत. पहिल्या ५ यंत्र कुठे आणि कशासाठी वापरात आहे ते सांगतात. सहावी पातळी म्हणजे खुद्द यंत्र, आणि ७ ते ९ मध्ये त्याचे उपविभाग, दुरुस्त करता येणारे घटक आणि सुटे भाग.

नवशिक्याने नऊच्या नऊ पातळ्या भरायचा हट्ट धरू नये. साइट, एरिया, युनिट, सिस्टीम, इक्विपमेंट आणि गरज असेल तिथे त्याखाली घटक, एवढ्यावर बहुतेक प्लांट नीट चालतात. खाली कुठे थांबायचं याची कसोटी सोपी आहे. या वस्तूच्या नावाने स्वतंत्र वर्क ऑर्डर निघेल का? हिचा बिघाडाचा इतिहास वेगळा ठेवायला हवा का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तिला उतरंडीत ओळ नको. पंपाच्या बेअरिंगचा नंबर पंपाच्या स्पेअर-यादीत जातो. तो उतरंडीत घातला की झाड इतकं दाट होतं की रात्रपाळीला कोणी त्यात शोधत बसत नाही, आणि सगळ्या तक्रारी सरळ युनिटच्या नावावर पडायला लागतात.

जागा वेगळी, वस्तू वेगळी

नवे लोक सगळ्यात जास्त इथे अडखळतात, म्हणून जरा थांबून बघू.

समजा कूलिंग वॉटरचा पंप आहे, टॅग (प्लांटमधला ओळख नंबर) पी-१०१ए. त्याची मोटर जळली. इलेक्ट्रिकलवाल्यांनी ती काढून रिवाइंडिंगला पाठवली आणि स्टोअरमधली दुसरी मोटर बसवली. तीन महिन्यांनी जुनी मोटर दुरुस्त होऊन आली आणि पी-२०५बी वर बसली. आता प्रश्न असा की "पी-१०१ए ची मोटर वर्षात किती वेळा जळली?" आणि "ही अमुक सिरीयल नंबरची मोटर आजवर किती वेळा जळली?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर जागेबद्दल सांगतं. तिथे लोड जास्त असेल, अलाइनमेंट बिघडत असेल, पावसाचं पाणी टर्मिनल बॉक्समध्ये जात असेल. दुसऱ्याचं उत्तर त्या मोटरबद्दल सांगतं, म्हणजे वाइंडिंग नीट झालं नसेल किंवा कोअर खराब असेल.

म्हणून मेंटेनन्सच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक फंक्शनल लोकेशन, म्हणजे कामाची जागा. दुसरी इक्विपमेंट, म्हणजे तिथे आज बसलेली सिरीयल नंबरची वस्तू. टॅग नंबर जागेचा असतो. माणूस बदलला तरी खुर्चीचं पद तेच राहतं, तसंच हे. उतरंड जागांची बांधा, वस्तू त्यावर बसवा, आणि वस्तू हलली की तारखेसह नोंद करा. ऑपरेटरची जबाबदारीसुद्धा जागेला जोडायची. मोटर वर्कशॉपमध्ये असताना ती ऑपरेटरची नसते, पण पी-१०१ए ही जागा तेव्हाही त्याचीच असते. तिथे उघडे पडलेले केबलचे टोक सुरक्षित आहे ना, सक्शन-डिस्चार्ज बंद आहेत ना, हे त्यालाच बघायचं असतं.

टॅगबद्दल दोनच सूचना. ज्या पद्धतीने प्लांट बांधला गेला त्याच पद्धतीने पुढचे नंबर द्या, आपली नवी शैली आणू नका. आणि भंगारात गेलेल्या यंत्राचा टॅग नव्या यंत्राला कधीही देऊ नका, नाहीतर दहा वर्षांचा इतिहास एकमेकांत मिसळतो.

शीव आखा

जमिनीचे तंटे बांधावर होतात, शेताच्या मधोमध होत नाहीत. यंत्रांचंही तसंच आहे. पंपाचं केसिंग कोणाचं यावर कधी वाद होत नाही. वाद होतो कपलिंगवर, स्ट्रेनरवर, दोन युनिटांच्या मधल्या व्हॉल्व्हवर.

आयएसओ १४२२४ ने यंत्रांच्या प्रकारानुसार हद्दी आखून दिल्या आहेत. पंपाच्या हद्दीत पंप, त्याचं ल्युब्रिकेशन, पॉवर ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्स आणि कपलिंग, आणि त्यावरची देखरेखीची साधनं येतात. चालवणारी मोटर वेगळं यंत्र म्हणून बाहेर राहते. सक्शन-डिस्चार्जचे व्हॉल्व्ह आणि सक्शन स्ट्रेनरही हद्दीबाहेर. हे वाचलं तेव्हा मला आमचा तो चेपलेला स्ट्रेनर आठवला. मानक त्याला पंपाच्या बाहेर ठेवतं, यात चूक काहीच नाही. पण बाहेर ठेवलेली वस्तू दुसऱ्या कुठल्या घरात गेली, हे आपण लिहायला हवं असतं आणि ते आम्ही लिहिलं नव्हतं.

तुमच्या प्लांटने मानकापेक्षा वेगळी हद्द ठरवली तरी बिघडत नाही, फक्त ती लेखी असावी आणि सगळ्या पंपांना सारखी असावी. त्यासाठी पीअँडआयडीवर प्रत्येक सिस्टीमभोवती रंगीत रेघ ओढा. प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या एकाच रेघेच्या आत आली पाहिजे. रेघ जिथे पाईपला छेदते तिथे एक ठळक खूण असावी, शक्यतो आयसोलेशन व्हॉल्व्ह (लाईन पूर्ण तोडणारा व्हॉल्व्ह), आणि तो व्हॉल्व्ह कोणत्या बाजूचा ते स्पष्ट लिहावं. मी साधारण असा नियम पाळतो की ज्याला तो व्हॉल्व्ह घाईच्या वेळी बंद करावा लागेल, त्याच्या बाजूला तो टाकायचा.

काही वस्तू नेहमी अधांतरी राहतात. त्यांचा निवाडा आधीच करून ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या व्हेसलचं किंवा पंपाचं रक्षण करतो त्याच्याखाली जातो, मग तो वरच्या मजल्यावर का बसलेला असेना. ट्रान्समीटर ज्या यंत्राचं प्रेशर किंवा लेव्हल मोजतो त्या यंत्राच्या सिस्टीमखाली जातो. दुरुस्त इन्स्ट्रुमेंटवाले करतात, पण ते वेगळ्या रकान्यात लिहायचं, त्यासाठी वेगळं झाड लावायचं नाही. इन्स्ट्रुमेंट एअर, स्टीम, फायर वॉटर हे कुठल्याच प्रोसेस युनिटचे नसतात, त्यांची युटिलिटी म्हणून स्वतंत्र सिस्टीम करा आणि प्रत्येक युनिटच्या पहिल्या आयसोलेशन व्हॉल्व्हपाशी ती संपवा.

कोणी म्हणेल, "ठिकाणानुसार लावूया, एका मजल्यावरची यंत्रं एकत्र." कोणी म्हणेल, "खात्यानुसार लावूया." एका झाडातून सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. आयईसी ८१३४६ हे मानक म्हणूनच एकाच वस्तूकडे काम, वस्तू, ठिकाण अशा वेगवेगळ्या अंगांनी बघतं. मुख्य उतरंड कामानुसार लावा. मजला, खातं, महत्त्वाचा दर्जा हे सगळं बाजूच्या रकान्यात भरा, पाहिजे तेव्हा त्यावरून चाळणी लावता येते.

आता ऑपरेटर

उतरंड नीट झाली असेल तर हे काम अर्धं झालेलंच असतं. जबाबदारी प्रत्येक यंत्रावर वेगळी भरू नका. युनिट किंवा सिस्टीमच्या पातळीवर भरा, ती आपोआप खाली उतरते. अपवाद तेवढे हाताने लिहा. आणि माणसाचं नाव कधीच लिहू नका, पद लिहा: "रिअॅक्शन फील्ड ऑपरेटर", "युटिलिटी पॅनेल ऑपरेटर". माणसं रजेवर जातात, बदलतात. त्या शिफ्टला त्या पदावर कोण आहे हे शिफ्टच्या रोस्टरने सांगायचं.

कंट्रोल रूममध्ये बसणारा पॅनेल ऑपरेटर आणि यंत्रांपाशी फिरणारा फील्ड ऑपरेटर यांची वाटणी स्पष्ट हवी. पंप पॅनेलवरून चालू होतो, पण सक्शन उघडला आहे, केसिंगमधली हवा काढली आहे, कपलिंगवर गार्ड आहे, हे फील्डवालाच बघू शकतो. जबाबदारी म्हणजे नेमकं काय तेही लिहून द्या. चालू-बंद करणं, राउंड मारून रीडिंग घेणं, मेंटेनन्सला देण्याआधी यंत्राचा वीज आणि लाईनशी संबंध तोडून लॉक लावणं, काम झाल्यावर तपासून परत ताब्यात घेणं. यातली शेवटची दोन कामं सगळ्यात जास्त राहून जातात.

यात पाचवं काम जोडता आलं तर फार चांगलं. टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) या जपानी पद्धतीत त्याला जिशु होझेन म्हणतात, म्हणजे ऑपरेटरने आपल्या यंत्राची प्राथमिक निगा स्वतः राखणं. पुसणं, तेल-ग्रीस बघणं, सैल बोल्ट आवळणं. सेइची नाकाजिमा यांच्या नावाशी ही पद्धत जोडलेली आहे. रोज हाताने पंप पुसणाऱ्या माणसाला बेअरिंग हाऊसिंग नेहमीपेक्षा गरम लागतंय हे गेजच्या आधी कळतं. पण त्यासाठी तो पंप रोज त्याच माणसाचा असावा लागतो.

मग प्रश्न येतो, एका माणसाकडे किती द्यायचं? फील्डसाठी घड्याळ लावून राउंड चाला. जिने चढणं, रीडिंग लिहिणं, एखाद्या ठिकाणी थांबून ऐकणं धरून जो वेळ लागेल तो खरा. पॅनेलसाठी अलार्म मोजा. ईईएमयूए १९१ या अलार्मविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार प्लांट स्थिर चालू असताना एका ऑपरेटरला सरासरी १० मिनिटांत एक अलार्म इतपत भार झेपण्याजोगा असतो. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. त्या गर्दीत कामाचा अलार्म ओळखणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

वाटणी नेहमीच्या दिवसावरून ठरवू नका. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक युनिट चालू करताना स्फोट झाला, १५ माणसं गेली आणि १८० जखमी झाली. त्या वेळी तीन युनिटांचं पॅनेल एकच ऑपरेटर सांभाळत होता. सगळं स्थिर असताना तिन्ही युनिट एकाने सांभाळणं कदाचित निभावतं. स्टार्टअपच्या वेळी एक युनिटच पूर्ण लक्ष मागतं. म्हणून जबाबदारीच्या तक्त्यात दुसरा रकाना ठेवा: स्टार्टअप आणि शटडाउनला हे युनिट कोणाकडे, आणि त्याची बाकीची युनिटं तेवढ्या वेळात कोण घेणार.

चार्ज देताना

६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर जे झालं, ते या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं. कंडेन्सेटचे (वायूतून वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे) दोन पंप होते, ए आणि बी. ए पंप दुरुस्तीसाठी बंद केला होता. त्याच दिवशी त्याचा सेफ्टी व्हॉल्व्हही तपासणीसाठी काढला होता आणि त्याजागी ब्लाइंड फ्लँज लावला होता. पंप एका मजल्यावर, व्हॉल्व्हची जागा वरच्या मजल्यावर, पंपापाशी उभं राहून दिसत नव्हती. पंपाचं परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. संध्याकाळी शिफ्ट बदलली. पंपाच्या कामाची माहिती पुढच्या शिफ्टला होती, व्हॉल्व्ह काढल्याची नव्हती. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला आणि परत चालू होईना. पंपाचं मोठं काम अजून सुरू झालेलं नाही असं समजून त्यांनी ए चालू करायला घेतला. त्या फ्लँजमधून गळती झाली. त्या रात्री १६७ माणसं गेली.

आता तुमच्या फाईलकडे परत या. "सेफ्टी व्हॉल्व्ह ज्याचं रक्षण करतो त्याच्याखाली जातो" हा मघाचा नियम एक साधा रकाना भरण्यापुरता वाटला असेल. पण पी-१०१ए उघडलं की त्याखालच्या प्रत्येक वस्तूवरचं प्रत्येक चालू परमिट एकाच पानावर दिसावं, यासाठी तो नियम आहे. तुमच्या सिस्टीममध्ये असं दिसतं का, ते एका खऱ्या परमिटवर करून बघा. दिसत नसेल तर परमिटच्या फॉर्मवर "मुख्य यंत्राचा टॅग" हा रकाना सक्तीचा करून घ्या.

चार्ज देताना लॉगबुक उतरंडीच्या क्रमानेच वाचावं. सिस्टीममागून सिस्टीम: काय चालू, काय स्टँडबाय, काय मेंटेनन्सकडे, कुठे लॉक लावलेलं. "सगळं ठीक" एवढंच लिहिलेली नोंद स्वीकारू नका. आणि शक्य तिथे मेंटेनन्सकडे गेलेल्या यंत्रापाशी दोघांनी मिळून जाऊन यावं.

लावलेली उतरंड तपासायची कशी

मागच्या तीन महिन्यांच्या ब्रेकडाउनच्या नोंदी घ्या आणि एकेक नोंद नव्या उतरंडीवर टांगून बघा. एखाद्या नोंदीला जागा सापडत नसेल तर तिथे फांदी कमी आहे. दोन जागा सापडत असतील तर हद्द पुसट आहे. मग रात्रपाळीला प्लांटमध्ये जा, डोळे मिटून वीस टॅग निवडा आणि प्रत्येकापाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला विचारा, "हा कोणाचा?" विचारताना सुरुवात दोन युनिटांच्या सीमेवरच्या व्हॉल्व्हपासून करा. उत्तर यायला वेळ लागला, किंवा दोघांनी दोन उत्तरं दिली, तर तो टॅग वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही शिफ्ट इनचार्जना त्या व्हॉल्व्हपाशीच बोलावून निकाल लावा. निकाल लागला की त्या व्हॉल्व्हवर टॅगची पाटी लावा, पाटीवर पद लिहा, आणि फाईलमधला रकाना त्याच दिवशी भरा.